शेवटच्या खोलीचं पाणी

पिंप

घोडपदेवच्या त्या चाळीत तळमजल्यावर दहा खोल्या. पाण्याची लाइन फाटकातून शिरायची, गटाराच्या कडेकडेनं पहिल्या खोलीपासून निघायची आणि दहाव्या खोलीत येऊन जीव सोडायची. दहावी खोली रखमाची. डाव्या हाताला संडास, दारात गटार, आणि नळाला आली तर करंगळीएवढी धार. पहिल्या खोलीतला हेमचंद्र, चाळीचा सेक्रेटरी, स्कूटर धुऊन, कुंड्यांना पाणी घालून मोकळा झाला की मग कुठं रखमाचा नळ खोकायला लागायचा.

चौतीस वर्षं रखमानं हे सोसलं. कळशी लावून उकिडवं बसायचं आणि धारेकडे बघत राहायचं. गुडघे त्यातच गेले. मग सहा वर्षांपूर्वी तिच्या मुलानं, राकेशनं, मोटार बसवून दिली. मोटार तशी सगळ्यांकडेच होती, एक नवव्या खोलीतली राधाबाई सोडली तर. पण बाकीचे लोक पाणी आल्यावर बटण दाबायचे. पाणी यायचं दुपारी साडेतीनला. रखमा तीन वाजून वीस मिनिटांनी दाबायची.

ही तिची स्वतःची युक्ती. कुणाला सांगितलेली नव्हती. मोटार आधी कोरडी खडखडायची, मग रिकाम्या लाइनीतली हवा ओढायची, मग नळातून गुळण्या केल्यासारखा आवाज यायचा आणि काळपट पाण्याचा लोंढा बाहेर पडायचा. वास मारायचा. रखमा म्हणायची, लाइनीत गंज असतो. ती पहिली कळशी मोरीत ओतायची, दुसरीही ओतायची आणि तिसरीपासून पिंप भरायला घ्यायची. साडेतीनला बाकीचे नळ सुटेपर्यंत वरून येणाऱ्या पाण्याला दहाव्या खोलीची वाट सापडलेली असायची. दोनशे लिटरचं निळं पिंप गळ्यापर्यंत भरायचं. चाळीत म्हणायचे, रखमाच्या घरचं पाणी कधी आटत नाही. हे कानावर पडलं की तिचे गुडघे दुखायचे थांबायचे.

यंदा मे महिन्यात पाणीकपात आली. दीड तासाचं पाणी पाऊण तासावर आलं. दोन कळश्या मोरीत ओतायला हात धजेना. तिनं एक ओतली, एक ठेवली. चार दिवसांनी दोन्ही ठेवल्या. पिंपात तुरटीचा खडा फिरवला की घटकाभरात गाळ खाली बसायचा आणि वरचं पाणी आरशासारखं दिसायचं. आरशासारख्या पाण्यात काय असणार?

आरोग्य सेविका दीपिका क्लोरीनची छोटी बाटली देऊन गेली होती. "मावशी, पिंपात टाकत जा." त्याच्या वासानं चहा बिघडतो म्हणून रखमानं ती राकेशच्या पांढऱ्या शर्टांना वापरली. राकेश लोअर परळच्या एका मॉलमध्ये साफसफाईच्या माणसांवर सुपरवायझर होता. कॉलर झळझळीत लागायची.

पातेलं

बुद्ध पौर्णिमेची खीर चाळीत दरवर्षी राधाबाईच करायची. ती एकट्यादुकट्या माणसांचे जेवणाचे डबे करायची आणि तिच्या हाताला चव होती. पटांगणात तीन विटा मांडून तिनं मोठं पातेलं चढवलं आणि दोन तास ढवळलं. नवरा कोंडीराम खुर्ची टाकून शेजारी. मिलमधल्या साच्यांच्या खडखडाटानं त्याचे कान कधीच नेले होते. बायकोच्या ओठांकडे बघून तो ऐकायचा.

"रखमे, सरबताला पाणी लागंल गं," राधाबाई म्हणाली. "माझ्या नळाला टिपूस नाय."

"घे की. पिंप भरलंय. तुला कधी नाय म्हटलंय?"

"तू हायस म्हणून."

लिंबू, साखर, बर्फ घालून टोपभर सरबत झालं. संध्याकाळी वंदना झाली आणि पोरं खीर सोडून सरबतावर पडली. ऊनच तसलं होतं. हेमचंद्रनं माइकवर सांगितलं, "आजच्या सरबताचं पाणी आपल्या रखमाबाईंकडून! टाळ्या!" टाळ्या पडल्या. रखमा पदर सारखा करत राहिली. कडेवर चौदा महिन्यांची नात, मनवा, बर्फाचा खडा चोखत होती.

कोंडीरामला साखरेचा आजार. त्यानं सरबताला हात लावला नाही, खिरीची तेवढी बोटभर चव घेतली. राधाबाई वाढत राहिली आणि तिची पाळी आली तेव्हा टोप उपडा झालेला होता.

दुसऱ्या दिवशी पाच पोरं आडवी झाली. तिसऱ्या दिवशी तेरा माणसं. संडासांपुढे, म्हणजे रखमाच्या दारापुढे, रांग लागली. माणसं भिंतीला डोकं टेकून, पोट आवळून उभी. हातातल्या डब्यात जेमतेम तांब्याभर पाणी. एक म्हातारी रांगेतच बसली आणि लुगड्याखालून ओघळ निघाला. तिनं तोंड पदरात घातलं. कुणी हसलं नाही, कुणी उठवलंही नाही. दुपारपर्यंत चाळीला निवाडा करावासा वाटला.

हेमचंद्र नवव्या खोलीपुढे उभा राहिला. मागं पाचसात जण. "राधाबाई, दूध नासलेलं होतं का?"

"अरे, नासलेल्या दुधाची खीर होती का कधी? दोन तास रटरट उकळली. मी खाल्ली, ह्यांनी खाल्ली."

"तेच म्हणतोय," हेमचंद्र म्हणाला. "सगळी चाळ झोपली आणि तुम्ही दोघं टणटणीत. असं कसं काय?"

रखमा आपल्या उंबऱ्यात उभी होती. उपडा घातलेला सरबताचा टोप तिला समोर दिसत होता. आपल्याला कुठं काय माहीत आहे, असं तिनं स्वतःला सांगितलं आणि ती आत गेली.

राधाबाईचे डबे त्याच दिवशी बंद झाले. हेमचंद्रच्या नळावरून तिला रोज दोन हंडे मिळायचे, तेही तुटले. हेमचंद्रच्या बायकोनं, मानसीनं, नळाखाली लावलेला तिचा हंडा पायानं बाजूला सरकवला. "तुमची भांडी नका लावू आमच्या नळाला, काकू. साथ आहे." दर वीस मार्चला महाडला चवदार तळ्यावर गाडी काढणारा हेमचंद्र आत टीव्ही बघत होता. कोंडीरामला शब्द ऐकू गेले नाहीत. त्यानं फक्त पाय बघितला. घरी जाऊन तो भिंतीकडे तोंड करून बसला आणि बायकोला म्हणाला, "गाव कशापायी सोडलं होतं गं आपण?"

वाटी

मनवा पौर्णिमेच्या दुसऱ्याच दिवसापासून पातळ करत होती. तिची आई संघमित्रा मॉलच्या बिलिंग काउंटरवर. एक दिवस तिनं रजा काढली, पोरीला डॉक्टरकडे नेलं, जुलाबावरच्या मीठ-साखरेच्या पुड्या आणल्या, झिंकच्या गोळ्या आणल्या. तिसऱ्या दिवशी काउंटरवरून फोन आला, येणार की दुसरी मुलगी घेऊ? ती साडीला पिन लावत सांगत होती, "आई, पुडीचं पाणी द्यायचं, चमच्या-चमच्यानं. ओकली तरी द्यायचं. अंगावरचं दूध मी सकाळी पाजलंय, पिळून ठेवलंय तेही द्या. बंद काही करायचं नाही."

"तू जा गं. तुझ्या नवऱ्याला मीच वाढवलाय."

रखमानं सकाळी पुडी फोडून पेल्यात ढवळली. पोरीनं दोन घोट घेतले, तोंड वेडंवाकडं केलं आणि पाचव्या मिनिटाला लंगोटात सोडलं. पिचकारीसारखं. रखमानं धुतलं, दुसरा लंगोट बांधला, पुन्हा दोन घोट, पुन्हा तेच. अकरा वाजेपर्यंत दोरीवर सात लंगोट. आत घातलं की बाहेर येतंय हे ती डोळ्यांनी बघत होती. डोळ्यांना दिसतं त्यापुढे पुडीवरच्या छापील अक्षरांची काय मातबरी? तिनं पेला उचलून फळीवर ठेवला. वाटीत जायफळ उगाळलं, बोटानं पोरीच्या जिभेला लावलं. दूधही दिलं नाही. पोट रिकामं राहिलं की आतडी गप बसतील.

आतडी गप बसली. बारा वाजता पोरीनं फक्त थोडा शेंबडासारखा चिकटा केला. रखमाला हायसं वाटलं. एक वाजता पोरगी रडली. आवाज आला, डोळ्यांत पाणी आलं नाही. दोन वाजता रडेनाही. ओठ पापडासारखे, टाळू खाली गेलेली, डोळे अर्धवट उघडे आणि आत कुणी नसल्यासारखे. रखमा तिला मांडीवर घेऊन वारा घालत बसली. झोपली, असं ती म्हणत होती. स्वतःलाच.

तीन वीसला मात्र उठून तिनं मोटार लावली.

चमचा

भिंतीपलीकडे राधाबाई ऐकत होती. सकाळपासून पोरीचं रडणं ऐकलं, मग बारीक होत गेलेलं ऐकलं, मग नुसती मोटार. ती न विचारता आत आली. मांडीवरच्या पोरीच्या पोटाची कातडी तिनं चिमटीत धरून सोडली. चिमटी तशीच उभी राहिली, कणकेला धरल्यासारखी.

"रखमे, पाणी तोडलंस?"

"थांबलेत जुलाब."

"पोरगी थांबली गं! जुलाब कसले थांबलेत?" राधाबाई ओरडली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "माझं पोर, दीपक, असंच वाळवून घालवलं मी. तेव्हा तूच बसली होतीस शेजारी. पाणी तोड, पाणी तोड. सगळ्याच म्हणत होत्या, तू एकटी नाय. पुडी कुठाय?"

रखमानं फळीवरचा पेला दाखवला. राधाबाईनं चव घेऊन थुंकलं. "हे काय, पेल्यात? अख्खी पुडी लिटरात टाकायची असते. ह्यानं अजून शोषून निघंल ती." ती घरून दुधाचं लिटरचं माप घेऊन आली. "पाणी उकळ आधी."

"तुरटी फिरवलीय."

"उकळ म्हणते ना."

उकळलं, परातीत पाणी घालून त्यात भांडं ठेवून निववलं, पुडी विरघळवली. चहाचा चमचा. राधाबाईनं ओठाच्या कोपऱ्यातून एक चमचा सोडला. अर्धा गालावर आला, अर्धा आत गेला. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत एका मिनिटानं दुसरा. विसाव्या चमच्याला पोरगी ओकली. रखमाचा हात पुढे आला. राधाबाईनं तो झटकला, दहा मिनिटं थांबली, पुन्हा पहिला चमचा. तिच्या पाठीला रग लागली तेव्हा तिनं मांडी बदलली, चमचा बदलला नाही. पिळलेलं दूधही पाजलं. पाच वाजता पोरगी चमचा चावायला लागली. साडेसहाला रखमाच्या लुगड्यावर ऊन ओल पसरली. लघवी. साधी, पिवळी, वास येणारी लघवी. दोघी म्हाताऱ्या त्या ओल्या डागाकडे बघत राहिल्या.

संघमित्रा धापा टाकत आली. तिनं पोरीचा चेहरा बघितला, दोरीवरचे लंगोट बघितले, जायफळाची कोरडी वाटी बघितली. "आई, पाणी दिलंत ना तुम्ही?"

रखमानं वाटी उचलून मोरीत ठेवली.

"दोघींनी मिळून पाजलं," राधाबाई म्हणाली आणि आपलं माप उचलून गेली.

तांब्या

पाचव्या दिवशी दीपिका वही घेऊन आली. गुडघ्यावर फॉर्म, प्रश्नाप्रश्नाला पेनानं टिकटिक.

घरात माणसं?
चार.

जुलाब कुणाला?
नातीला. आता उतार हाय.

गोळी किती दिवस द्यायची?
चौदा. संघमित्रा देती.

संडासवरून आल्यावर, पोराचं धुतल्यावर साबण?
लावतो की.

पौर्णिमेची खीर?
सगळ्यांनी खाल्ली.

सरबत?
…

"मावशी, सरबत?"

"घेतलं. मनवानं चोखलं थोडं."

दीपिकानं पेन खाली ठेवलं. "एक सांगू? ज्यांनी खीर डब्यातून घरी नेऊन खाल्ली, त्यांच्यात एकालाही काही नाही. सरबत प्यायलेले मात्र निम्मे आडवे झालेत. राधाबाईंना उगाच धरलंय लोकांनी. पाणी तुमचं होतं ना? तपासून बघू. क्लोरीन असेल तर पिवळं होईल, नसेल तर तसंच राहील. तांब्याभर आणा, पिंपातलं."

रखमा आत गेली. पडद्यामागे पिंप, पिंपावर तांब्या, आणि साबणाच्या डब्याशेजारी ती छोटी बाटली, तळाशी थोडंसं उरलेली. हे तिच्या मनात आधी आलं की हातात, ते तिला पुढेही कधी सांगता आलं नसतं. बाटली तांब्यात उपडी झाली. चार थेंब पडले, पाचवा तोंडाशी लोंबकळून राहिला. तो तिनं झटकून पाडला.

बाहेर दीपिकानं काचेच्या नळीत पाणी घेतलं, औषध सोडलं. पाणी हळदीसारखं पिवळंधम्मक झालं.

"वा! सगळ्या चाळीत एवढं छान पाणी कुणाचं नाही. शाबास, मावशी." तिनं फॉर्मवर लिहिलं आणि तेच तोंडानं वाचलं, "बर्फ, प्रश्नचिन्ह." मग उठता उठता म्हणाली, "ही लाइन गटारातून गेलीय बघा. कुठंतरी भोक असणारच. पाणी वाहत असलं की भोकातून बाहेर गळतं, काही बिघडत नाही. पण लाइन रिकामी असताना कुणी मोटार लावली, तर त्याच भोकातून गटार आत ओढलं जातं. आणि पहिला मैला त्याच्याच घरात. तुम्ही आधी लावत नाही ना मोटार?"

"नाय गं बाई. पाणी आल्यावरच."

"क्लोरीन संपत आलं असेल. नवी बाटली आणून देते दोनतीन दिवसांत."

दीपिका गेली आणि रखमा मोरीत जाऊन बसली. गंज. सहा वर्षं ती त्याला गंज म्हणत होती. पोरीचे सात लंगोट तिला आठवले, रांगेतली म्हातारी आठवली, माइकवरच्या टाळ्या आठवल्या. संघमित्राला कळलं तर ती पोरीला उचलून माहेरी कल्याणला जाईल आणि राकेश तिच्या मागून जाईल. चाळीला कळलं तर मोटार निघेल. मोटार निघाली की पुन्हा करंगळीएवढी धार, पुन्हा उकिडवं बसणं, आणि येताजाता थुंकतील ते वेगळं.

तिनं पिंपाच्या कडेला दोन्ही हात लावले. कलंडलं असतं. तेवढ्यात पटांगणातून हेमचंद्र ओरडत गेला, "उद्या पाणी बंद! दुरुस्ती आहे! भरून ठेवा!"

रखमानं हात काढून घेतले. घरात संघमित्रा आता उकळल्याशिवाय थेंब पीत नव्हती आणि कुणाला पिऊ देत नव्हती. घर वाचलं होतं. पिंप राहिलं.

त्या दुपारी तिनं मोटार साडेतीननंतर लावली. पावणेचारलाच फुस्स करून सगळं थांबलं. कळशीही भरली नाही.

हंडा

बर्फ कुणी आणला होता? राधाबाईनं. झालं. खीर सुटली आणि राधाबाई बर्फात अडकली. संध्याकाळी ती हंडा घेऊन रखमाच्या उंबऱ्यात उभी राहिली. आत पाऊल टाकलं नाही. चार दिवसांत ते शिकली होती.

"रखमे, एवढा हंडाभर देतीस? पहिल्या खोलीपासून विचारत आले. कुणी दार लोटतंय, कुणी म्हणतंय आम्हालाच नाय. ह्यांचं तोंड वाळलंय."

नाही म्हणावं तर का म्हणून? पिंप अर्ध्याहून वर भरलेलं, झाकण उघडंच होतं. परवा हिनं पोरगी परत आणून दिली. हे पाणी घेऊ नको म्हणावं तर त्याच्या पुढचं सगळंच सांगावं लागेल.

"उकळून घे," ती म्हणाली.

"अगं, तुझं पाणी पास झालं ना? दीपिकाताईच सांगत होती, पिवळंधम्मक. चाळीत एक नंबर." राधाबाई हसली. चार दिवसांत पहिल्यांदा. "गॅस उद्याच्या भाकरीपुरता उरलाय. डबे बंद, मग सिलिंडर कुठला? पाणी उकळीत बसले तर पीठ खायचं व्हय?"

"तरी पण उकळ."

"बरं बरं, उकळीन."

उकळणार नाही हे तिच्या तोंडावर लिहिलं होतं. रखमानं वाचलं. वाचून तांब्या पिंपात घातला आणि एकेक तांब्या हंड्यात ओतायला सुरुवात केली. ओतताना तिनं मनातल्या मनात एक ठरवलं, अकराव्या तांब्याला सांगायचं. अकरावा ओतला. मग ठरवलं, हंडा उचलून देताना सांगायचं. हंडा दोघींनी मिळून उचलला, राधाबाईच्या कमरेवर ठेवला. थोडं पाणी सांडून रखमाच्या पायावर आलं. थंड होतं.

"तुझे पांग कधी फेडू गं," राधाबाई म्हणाली.

बादली

पाणी बंद होतं त्या दिवशी दुपारपर्यंत भिंतीपलीकडे काही आवाज नव्हता. संध्याकाळी बादली सरकवल्याचा आवाज आला. मग पुन्हा. मग घासलेल्या जमिनीवर ती सारखीच सरकत राहिली.

कोंडीरामला संडासापर्यंत जाता येईना. राधाबाईनं दोरीच्या खाटेला मध्ये भोक पाडलं आणि खाली बादली ठेवली. तांदळाच्या धुवणासारखं पांढरं पाणी, त्याला मळाचा वासही नाही. पोटऱ्यांत असे गोळे यायचे की बहिरा माणूस ओरडायचा आणि आपण किती मोठ्यानं ओरडतोय हे त्याला कळायचं नाही. चाळीला कळायचं. "आपलीच खीर आपल्याला भोवली," पाचव्या खोलीतून कुणीतरी म्हणालं. हसण्याचा आवाज आला.

राधाबाई पुडीचं पाणी करून चमच्यानं पाजत होती. पाणी मात्र हंड्यातलंच होतं. सकाळी तिचा धीर सुटला आणि तिनं भिंत बडवली.

रखमा मनवासाठी उकळून ठेवलेलं पातेलं उचलून धावली. आज तिला कुणाला काही समजावून सांगायचं नव्हतं, नुसतं पाणी द्यायचं होतं. कोंडीरामचे डोळे खोबणीत गेले होते. बोटं दिवसभर धुणं धुतलेल्या बाईसारखी सुरकुतली होती. आवाज गेला होता. त्यानं रखमाकडे बघून अंगठा ओठांना लावला. पाणी. रखमानं पेला टेकवला. तो घटाघटा प्यायला, पेला संपवला आणि तिच्याकडे बघून हात जोडायला गेला. हात जुळले नाहीत, वाटेतच सगळं पाणी उलटून तिच्या अंगावर आलं.

राकेशनं ॲम्ब्युलन्स बोलावली. पटांगणात गाडीपर्यंत न्यायला चार माणसं हवी होती. दोन मिळाली, एक राकेश आणि एक ड्रायव्हर. बाकीचे नाकाला रुमाल लावून जिन्यावर उभे. साथीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी दोन्ही हातांना सलाइन लावायला शिरा शोधल्या. शिरा बसल्या होत्या. साडेअकराला राकेशचा फोन आला.

पेला

दवाखान्यातूनच बांधून दिलं होतं. उघडायचं नाही, आंघोळ घालायची नाही. पावणेतीनला गाडी आली आणि पटांगणात, खिरीच्या विटा होत्या तिथंच, कोंडीरामला ठेवलं. आता चाळ आली. मेलेल्या माणसाच्या दारात न येऊन कसं चालेल? पांढरी लुगडी, पांढरे सदरे. हेमचंद्रनं मेणबत्त्या लावल्या, पंचशील म्हटलं. मानसी राधाबाईला टेकून बसली आणि रडली, खरंच रडली.

रखमा मनवाला कडेवर घेऊन कोपऱ्यात होती. पोरीनं तिच्या गळ्यातली पोत तोंडात घातली होती. आता चांगली चावायची.

"काकूंनी सकाळपासून काही घेतलं नाही," मानसी म्हणाली. "पाणी तरी द्या कुणीतरी. आमच्याकडे टिपूस नाही, काल बंद होतं. कुणाकडे आहे का?"

राधाबाईनं डोकं वर केलं. आवाज घोगरा होता, पण सगळ्यांना ऐकू जाईल असा तिनं काढला.

"रखमाच्या पिंपातलं आण. तुम्ही सगळ्यांनी दारं लावलीत. मी कुणाचं नाव घेत नाय. पण हे गेले ते रखमाच्या हातचं पाणी पिऊन गेले. त्यांना तहानलेलं नाय जाऊ दिलं तिनं. हे मी मरेपर्यंत सांगीन."

सगळ्या माना रखमाकडे वळल्या. हेमचंद्रनं तिला हात जोडले. मागून कुणीतरी म्हणालं, "माणूस असावं तर असं."

मानसी उठली. रखमाच्या खोलीत शिरली. पडदा सरकल्याचा, झाकण निघाल्याचा आवाज रखमानं ओळखला. मानसी स्टीलचा पेला भरून, दोन्ही हातांनी धरून, एक थेंब न सांडता घेऊन आली आणि राधाबाईच्या हातात दिला. पाणी आरशासारखं होतं.

राधाबाईनं पेला वर उचलला.

रखमानं पोरीला शेजारणीच्या मांडीवर जवळजवळ टाकलंच. दोन ढांगांत ती पुढे आली, प्रेताला वळसा घालायचंही तिला सुचलं नाही. राधाबाईच्या ओठांना लागलेला पेला तिनं हिसकावला. सगळे बघत होते. आता तोंड उघडलं की सगळं बाहेर पडणार होतं, तिनं तोंड उघडलंही. आणि पेला स्वतःच्या तोंडाला लावला. घटाघटा, श्वास न घेता, हनुवटीवरून गळ्यात ओघळ जात असताना ती शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली.

"अगं बाई," कुणीतरी पुटपुटलं. "विधवेच्या तोंडचं पाणी ओढून प्यायली."

"देतानाच तेवढं दाखवायचं होतं वाटतं."

"हिचं स्वतःचं पाणी ना, मग काय!"

रखमा रिकामा पेला धरून उभी राहिली.

"बोलू नका गं तिला," राधाबाई म्हणाली. तिनं रखमाचा हात धरून खाली ओढलं आणि शेजारी बसवलं, तिच्या गळ्यावरचं पाणी आपल्या पदरानं टिपलं. "चाळीस वर्षांचा शेजार हाय. तिचाही जीव सुकला असंल. हीच मला पाजत आलीय, आज तिला लागली तहान. मानसी, दुसरा पेला आण. तिच्याच पिंपातला आण."

रखमाच्या उघड्या दारातून भिंतीवरचं घड्याळ दिसत होतं. तीन वीस झाले होते. मोटार लावायला कुणी उठलं नाही.

आत झाकण पुन्हा निघालं. पेला पाण्यात बुडाल्याचा आवाज रखमाला इथपर्यंत ऐकू आला. पिंपात अजून गुडघाभर पाणी होतं.